पदराला पिन लावली की

सोसायटीची नोटीस इंग्रजीत होती. सूनबाईने ती आधी मनातल्या मनात वाचली, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, खंड्याबद्दल आहे." तुमचा कुत्रा घरात कोणी नसताना तास तास रडतो, दार ओरबाडतो, खालच्या आणि शेजारच्या लोकांना त्रास होतो, तरी तीस दिवसांत योग्य ती व्यवस्था करावी, असा एकूण मजकूर होता. 'योग्य ती व्यवस्था' म्हणजे काय ते घरातल्या आम्हा तिघांनाही कळले. ज्याच्यासाठी नोटीस होती तो माझ्या पायावर हनुवटी टेकून गाढ झोपला होता.

ही जुलै २०२३ मधली गोष्ट. पण ती सांगायची तर थोडे मागे जावे लागेल.

खंड्या मूळचा माळेगावचा. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेविषयी आपल्या वाचकांना मी काय सांगावे! मार्गशीर्षात खंडोबाची पालखी निघते, घोड्यांचा, गाढवांचा बाजार भरतो, तमाशाचे फड उतरतात. २०१६ च्या यात्रेला आमचे हे घोंगडी घ्यायला म्हणून गेले आणि घोंगडीत गुंडाळलेले पिल्लू घेऊन आले. विकत घेतलेले नव्हते. कुणाच्या तरी पालामागे एकटेच कुईकुई करत बसले होते म्हणे. "खंडोबाच्या दारात सापडलंय, आता त्याला कुठं सोडू?" हा यांचा युक्तिवाद. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी दूध मीच कोमट करून वाटीत ओतले.

हे शिक्षक होते. सारे गाव यांना गुरुजी म्हणे. निवृत्तीनंतर संध्याकाळी देगलूरच्या बसस्टँडपर्यंत फेरी मारायची, तिथल्या हॉटेलात चहा प्यायचा, दोन ओळखीची माणसे भेटली की राजकारण करायचे आणि परत यायचे, हा यांचा नेम. खंड्या बरोबर. मी गंमतीने म्हणायची, "गुरुजींना उशिरा का होईना, पण ऐकणारा विद्यार्थी मिळाला." आमच्या वाड्यात तसे कोणी कधी एकटे नसेच. अंगणात भाडेकरूंची पोरे, ओट्यावर कोणीतरी धान्य निवडत बसलेले, दार दिवसभर सताड उघडे. कुत्र्याला एकटे राहायला शिकवावे लागते, हे तिथे कोणाच्या डोक्यात येण्याचे कारणच नव्हते.

एप्रिल २०२१ मध्ये यांना कोरोना झाला. रुग्णवाहिकेतून नांदेडला नेले. खंड्या गल्लीच्या टोकापर्यंत गाडीमागे धावला आणि परत येऊन ओट्यावर बसला. यांचे कितीतरी जाणे त्याने पाहिले होते. बसने, मोटारसायकलवर, पायी. त्या प्रत्येक जाण्यानंतर येणे होते. या वेळी अकरा दिवसांनी फक्त फोन आला. आम्हालाच शेवटचे नीट पाहता आले नाही, तिथे त्याला कोण काय दाखवणार? तो पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी पाचच्या सुमारास उठून दाराशी जाई.

त्या वर्षी पावसाळ्यात मुलगा गाडी घेऊन आला आणि आम्हाला दोघांना हैदराबादला घेऊन आला. जोगीपेठ, संगारेड्डी करत चार-साडेचार तासांचा रस्ता. खंड्या माझ्या मांडीवरून हलला नाही.

मुलाचे घर मियापूरकडे, चौथ्या मजल्यावर. त्या काळात मुलगा आणि सून दोघांचेही काम घरूनच चाले. पुढे २०२२ मध्ये त्यांची ऑफिसे हळूहळू सुरू झाली, तरी मी घरात होतेच. मी कुठे जात नव्हते. काचीगुड्याला नात्यातली मंडळी आहेत, इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, हे सगळे मुलाने सांगितले होते. कोणी बोलावले की मी म्हणायची, "खंड्याला कोण बघणार?" हे उत्तर खरे होते. सोयीचेही होते, पण ते मला तेव्हा कळत नव्हते. थोडक्यात काय, दोन वर्षांत हा कुत्रा एक दिवसही एकटा राहिला नव्हता.

जूनमध्ये सूनबाईच्या माहेरचे लग्न निघाले. कार्यालय लांब नव्हते. म्हटले, तीन-चार तासांचा प्रश्न आहे. पाणी ठेवले, पोळीचे तुकडे ठेवले, खिडकी उघडी ठेवली आणि निघालो. परत आलो तर लिफ्टमध्येच आवाज ऐकू आला. भुंकणे नव्हे ते. भुंकणे मला ओळखता येते. तो आवाज म्हणजे एकच लांब सूर होता, मध्येच तुटणारा. दार उघडले तर चौकटीचा खालचा भाग कुरतडून पांढरा पडलेला, लाकडाच्या ढलप्या विखुरलेल्या, फरशीवर लाळ आणि लघवी, आणि लाळेत रक्त. एक नख मुळापासून निघाले होते. पोळीच्या तुकड्यांना त्याने तोंडही लावले नव्हते.

त्यानंतर महिनाभरात आम्ही जे जे केले ते आज सांगायला लाज वाटते. पण दुसऱ्या कोणाच्या घरी हेच चालले असेल, म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, मी त्याला रागावले. चौकटीपाशी नेऊन बोट दाखवून रागावले. त्याने कान पाडले, मान वळवली. मी म्हटले, बघा, कळतंय त्याला काय केलंय ते! पुढे सूनबाईने वाचून दाखवले की न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये नेमका याचाच अभ्यास केला होता. कुत्र्याचा तो 'चुकलं माझं' असा चेहरा त्याने काही केले आहे की नाही यावर अवलंबून नसतो, मालक रागावतो की नाही यावर असतो. काहीही न केलेल्या कुत्र्याला रागावले तरी तो तसाच चेहरा करतो. म्हणजे खंड्याला एवढेच कळले की बाई परत आली आणि आल्या आल्या भयंकर झाली.

दुसरी गोष्ट, चोरून निघणे. तो जेवत असताना चप्पल हातात घेऊन सटकायचे. दोनदा जमले. तिसऱ्या वेळी त्याने ताटलीकडे पाहिलेच नाही, माझ्याकडे पाहत बसला. जेवण वाढले की ही जाते, एवढा हिशेब त्याने मांडला होता. त्याचे जेवणच कमी झाले.

तिसरी गोष्ट, बाथरूममध्ये कोंडणे. ते मी लिहीत नाही.

शिवाय सल्ले. एकाने सांगितले, दोन फटके द्या. एकाने सांगितले, पिंजरा आणा. एकाने सांगितले, दुसरा कुत्रा आणा, सोबत होईल. एका डॉक्टरांनी गुंगीची गोळी दिली. गोळी दिली की खंड्या हलायचा नाही, आवाज नाही, आम्ही खूश. पण त्याचे डोळे अर्धवट उघडे असत आणि दाराकडे लागलेले असत. मला ते बघवेना. पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी समजावले की त्या जातीच्या औषधाने शरीर सुस्त पडते, भीती आत तशीच राहते.

आणि मग ती नोटीस आली.

मुलगा वाईट नाही. त्याने शांतपणे सांगितले, "आई, देगलूरला पाठवू. शेतावर दादा आहे, मोकळी जागा आहे. इथं त्याचेही हाल, आपलेही." दादा म्हणजे माझा पुतण्या. बोलणे अगदीच चुकीचे नव्हते. पण मला दिसत होते ते असे, की त्या प्राण्याचे एक माणूस गेले, घर गेले, आता जे एक उरले तेही आपण काढून घ्यायचे आणि त्याला मोकळी जागा म्हणायचे. मी नाही म्हटले. तेव्हा तो म्हणाला, "आई, तो तुझ्याशिवाय राहत नाही, का तू त्याच्याशिवाय?" मी भाकरी थापत होते. थापत राहिले.

कायद्याचे म्हणाल तर कायदा आमच्या बाजूने होता. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला बहुमताचा ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. मुलगा ती प्रत काढून सेक्रेटरींना देणार होता. मीच थांबवले. खालच्या मजल्यावरचा मुलगा रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो. कायद्याच्या कागदाने त्याला झोप लागली नसती. आम्ही एवढेच केले की डॉक्टरांचे पत्र जोडून तीन महिन्यांची मुदत मागितली.

या डॉक्टरीणबाई करीमनगरकडच्या, राजेंद्रनगरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. मला अम्मा म्हणत आणि तेलुगू वळणाच्या हिंदीत बोलत. त्यांनी आधी खंड्याला तपासले, रक्त-लघवी पाहिली, कारण घरात घाण करण्यामागे कधीकधी आजारही असतो. मग म्हणाल्या, "अम्मा, ये बदमाशी नहीं है. ये घबराहट है." तुम्ही तीन मजले उंचावरून खाली पाहत असताना कोणी कठडा काढून घेतला तर जे होईल, तसे याला दार बंद झाल्यावर होते. अशा वेळी मारून काय शिकवणार? पिंजऱ्यात घातले तर घाबरलेला कुत्रा गजांवर दात मोडून घेतो. आणि याची ओढ ठराविक माणसाची आहे, तेव्हा दुसरा कुत्रा आणून भागेलच असे नाही. कदाचित दोघे मिळून रडतील.

मला वाटायचे, कुत्र्याला असे मन असते हे आम्हा प्रेमळ लोकांचे वेड आहे. पण शास्त्रज्ञांनीही ते तपासले आहे. लहान मूल आणि आई यांचे नाते पाहण्यासाठी मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक पद्धत बसवली होती. अनोळखी खोलीत मूल आणि आई, मग एक परकी व्यक्ती येते, आई बाहेर जाते, परत येते, आणि मूल काय करते ते पाहायचे. १९९८ मध्ये हंगेरीतल्या बुडापेस्टच्या संशोधकांनी हाच प्रयोग कुत्रे आणि मालक यांच्यावर केला. मालक असताना कुत्रा बिनधास्त खेळे, तो गेला की दाराशी जाऊन उभा राहे, आला की धावत जाऊन बिलगे. मुलांच्या वागण्याशी त्याचे साम्य दिसले. म्हणजे माझ्या पायावर हनुवटी टेकणारे हे प्रकरण काय आहे, ते आता मला कळले.

बाईंचे पहिले काम सोपे होते. जुना मोबाईल कपाटावर ठेवून चित्रण करा, म्हणाल्या. तुम्ही गेल्यावर तो काय करतो ते तुम्ही पाहिलेच नाही. केले. फक्त सहा मिनिटे बाहेर जिन्यात उभी राहिले आणि मग तिघांनी बसून ते पाहिले. दार बंद झाल्यावर तो दाराच्या फटीशी नाक लावून उभा. मग जांभई. मग ओठ चाटणे. मग दार ते खिडकी, खिडकी ते दार फेऱ्या, जीभ बाहेर, धाप. दीड मिनिटाला पहिला सूर. चौथ्या मिनिटाला पुढचे पाय चौकटीवर. खाली त्याच्या आवडीचा कोंबडीचा तुकडा होता, त्यावरून तो चारदा गेला. सूनबाई रडायला लागली. मुलगा काही न बोलता उठला आणि गॅलरीत गेला. देगलूरला पाठवायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

चित्रण नीट पाहिले तेव्हा बाईंना आणखी एक दिसले. खंड्याचे घाबरणे दार बंद झाल्यावर सुरू होत नव्हते. त्याच्या किती तरी आधी! मी घरातली साडी बदलून बाहेरची नेसले की तो उठे. चष्म्याचे घर पर्समध्ये टाकले की धाप. आणि पदराला पिन लावली की संपले, सारे अंग थरथरू लागे. मी घरात कधी पिन लावत नाही. त्याला ते पक्के ठाऊक होते. माझ्या मुलांना तीस वर्षांत जे कळले नाही ते या कुत्र्याने दोन वर्षांत हेरले होते.

म्हणून उपचार तिथून सुरू झाला. मी पिन लावून कुकर लावू लागले. बाहेरची साडी नेसून, पर्स काखेला अडकवून तांदूळ निवडू लागले. किल्ल्यांचा जुडगा उचलायचा, खुळखुळ करायचा आणि टीव्हीसमोर बसायचे. चप्पल घालायची, देवघरापर्यंत (हो, चप्पल घालून देवघराच्या दारापर्यंत, देवाची क्षमा मागून) जायचे आणि परत यायचे. दिवसातून पंधरा-वीस वेळा. समोरच्या अम्मा वारंगळकडच्या. त्या एकदा दूध मागायला आल्या तेव्हा मी कांजीवरम नेसून, पर्स लावून भेंडी चिरत होते. "कहीं जा रहे क्या?" "नहीं." त्यांनी पुढे काही विचारले नाही, पण जाताना दोनदा मागे वळून पाहिले. आठ-दहा दिवसांत पिनेतला जोर गेला. मी पिन लावली तरी खंड्या एक डोळा उघडून पाही आणि पुन्हा मिटे.

मग दार. दार उघडायचे, मिटायचे, मी आतच. मग बाहेर पाऊल, पाच सेकंद, आत. त्याने आवाज करण्याच्या आधी परत यायचे, हे सगळ्यात महत्त्वाचे. घाबरला आणि मग आपण आलो तर त्या दिवसाची शिकवण घाबरण्याचीच झाली. पाच सेकंद, आठ, पाच, बारा, सात. बाईंनी सांगितले होते, वेळ सारखी वाढवत नेऊ नका, मध्येच कमी करा, नाहीतर प्रत्येक वेळ आधीपेक्षा वाईटच आहे हे त्याच्या लक्षात येईल. मी वहीत लिहून ठेवी. पहिल्या पानावर सगळे सेकंदच आहेत. मिनिटापर्यंत यायला दोन आठवडे लागले. सोसायटीच्या मुदतीतले दोन आठवडे, आणि हातात काय, तर एक मिनिट! एका रात्री मी वही फेकून दिली होती. सकाळी सूनबाईने ती उचलून फ्रीजवर ठेवलेली दिसली.

बरोबर औषधही होते. फ्लुओक्सेटिन नावाचे, माणसांना उदासीवर देतात तेच. ते घेतल्याबरोबर काही होत नाही. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि मनाने बंद करायचे नसते. कुत्र्यांच्या याच त्रासावर अमेरिकेत २००७ मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली. मला आधी पटेना, मुक्या जनावराला कसल्या मनाच्या गोळ्या. बाई म्हणाल्या, गोळी त्याला शिकवणार नाही, शिकायला लागेल एवढे शांत करील. कोणी हे वाचून आपल्या घरातली गोळी कुत्र्याला देऊ नये म्हणून मुद्दाम सांगते, मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते.

खरी अडचण वेगळीच होती. या साऱ्या काळात त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटे सोडायचे नाही, अशी अट होती. म्हणजे वहीत चाळीस सेकंद लिहिलेले असताना भाजी आणायला अर्धा तास जायचे नाही. अशा वेळी माणसे लागतात, आणि दोन वर्षे त्या इमारतीत राहून माझी कोणाशी ओळख नव्हती. वॉचमनची बायको पहिल्यांदा आली ती पैसे ठरवून. मेहबूबनगर जिल्ह्यातली, तिच्या गावी शेळ्या. ती खंड्याला घाबरली नाही, लाडही केले नाहीत. जमिनीवर बसून शेंगा सोलायची. आठवड्यात खंड्याला 'रा' म्हणजे ये आणि 'कूर्चो' म्हणजे बस, हे कळू लागले. आमचा माळेगावचा कुत्रा तेलुगू शिकला आणि मला अजून भाजीवाल्याशी हातवारे करावे लागतात! समोरच्या अम्माही मग कधीमधी येऊन बसू लागल्या. कांजीवरमचे रहस्य एव्हाना त्यांना कळले होते. "अय्यो पापम्," असे म्हणून त्यांनी खंड्याच्या डोक्यावर हात ठेवला तो पहिला आणि बराच काळ शेवटचा.

खायचेही थोडे सांगते. पोकळ रबरी खेळण्यात भाकरी कुस्करून दह्यात कालवून भरायची आणि फ्रीजरमध्ये घट्ट करायची. कांदा-लसूण नाही, ते कुत्र्यांना विष. आम्ही निघताना ते द्यायचे. चाटत बसतो. तो खात नसेल तर ओळखावे की आज घाबरलाय, आणि लांब जाऊ नये. माझ्यासाठी ते खेळणे म्हणजे थर्मामीटरच झाले. संत नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले म्हणतात. आपल्या नर्सीचेच ते. मीही चौथ्या मजल्यावर तेच करत होते म्हणायचे.

वहीत सेकंदांची मिनिटे झाली तशी मी जिन्यात, मग खालच्या मजल्यावर, मग फाटकापर्यंत जाऊ लागले. जिन्यात उभे राहून करणार काय? खाली जाणाऱ्या-येणाऱ्यांशी बोलणे होई. रात्रपाळीवाला मुलगा एकदा तिथेच भेटला. मी माफी मागितली. तो अवघडला. म्हणाला, "आंटी, रोने की आवाज़ से नींद नहीं आती, क्योंकि बुरा लगता है." मी समजत होते तो चिडला आहे. त्याला कुत्री आवडत नाहीत, आजही आवडत नाहीत, हे त्याने स्वच्छ सांगितले. पण पुढे दोनदा त्यानेच वर येऊन कळवले, "आज कुछ नहीं सुना."

ऑक्टोबरच्या अखेरीस वहीत पंचेचाळीस मिनिटे लिहिलेली होती. नोव्हेंबरात दिवाळी आली, आणि चार दिवसांच्या फटाक्यांनी सगळे धुऊन नेले. पलंगाखालून बाहेर येईना. दार मिटले की थरथर. पुन्हा पहिल्या पानावरून, पाच सेकंद. बाईंनी सांगितले होते की असे होते आणि दुसऱ्या वेळी लवकर चढतो. तसेच झाले, तीन आठवड्यांत आम्ही होतो तिथे आलो. पण ते तीन आठवडे मला फार जड गेले.

त्याच दिवसांत टीव्हीवर जपानच्या हाचिको कुत्र्याची गोष्ट लागली होती. १९२५ मध्ये त्याचे मालक प्राध्यापक उएनो वारले आणि तो पुढे जवळजवळ दहा वर्षे, १९३५ मध्ये मरेपर्यंत, शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत जात राहिला. त्याच्या हयातीतच त्याचा पुतळा उभारला गेला. हीच गोष्ट हे शाळेत मुलांना सांगत आणि मुले गप्प होत. मीही कितीदा ऐकली होती. या वेळी मात्र मला निष्ठा वगैरे काही दिसेना. मला वाटले, त्या स्टेशनवर इतकी माणसे होती, कोणीतरी त्याला शिकवायला हवे होते. असो.

डिसेंबरमध्ये एके दिवशी मी मियापूरहून मेट्रोत बसले आणि उस्मानिया मेडिकल कॉलेजला उतरून विचारत विचारत इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. मधला वेळ मी नुसती कपाटांमधून हिंडत होते. पुस्तकांचा तो वास देगलूरच्या शाळेच्या वाचनालयासारखाच. घड्याळाकडे किती वेळा पाहिले ते सांगत नाही. परत आले तेव्हा लिफ्टमध्ये कान देऊन उभी होते. काही ऐकू आले नाही. दार उघडले तर खंड्या उठून आला, शेपूट हलवली, पर्स हुंगली आणि जाऊन पाणी प्याला. दोन तास चाळीस मिनिटे. वहीत ते पेनाने दोनदा गिरवलेले आहे.

नोटिशीचे काय झाले, असे वाचक विचारतील. ती मागे घेतल्याचे पत्र कधी आले नाही. मुदत संपली, कोणी काही बोलले नाही, एवढेच. सेक्रेटरी भेटले की "डॉगी ठीक है?" म्हणतात.

जानेवारीत लेकीचे बाळंतपण होते, पुण्याला. सव्वा महिना राहायचे होते. सिकंदराबादहून दुपारची शताब्दी. त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखीच साडी नेसले, पिन लावली, भाकऱ्या केल्या. खंड्याच्या अंथरुणावर माझे जुने नऊवारी टाकले आणि यांची ती माळेगावची घोंगडीही. सूनबाई आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणार, बाकीचे दिवस दुपारी वॉचमनची बायको येणार, असे वेळापत्रक फ्रीजवर लावले होते. आठ-आठ तास एकटा राहणे त्याला आजही जमत नाही. चार तास म्हणजे शिकस्त. मी "येते रे" म्हटले. ते म्हणायचे की नाही यावर बाईंचे मत काही नव्हते, पण मला म्हणायचे होते.

नात झाली. तिसऱ्या रात्री मुलाने फोनवर दिवसाचे चित्रण पाठवले. मी आणि लेक पलंगावर बसून पाहिले, बाळ मांडीवर. साडेतीन तासांचे सगळे कोण पाहणार? पुढे पुढे ढकलत पाहिले. घोंगडीवर खंड्या झोपलेला. मध्येच उठतो, दाराशी जातो, फटीशी नाक लावतो. मी श्वास धरला. तो परत येतो, घोंगडीवर दोन चकरा मारतो आणि पाठ करून बसतो. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.